कोल्हापुरात कॉलेजात व्हीएफएक्स-अ‍ॅनिमेशन शिकवायला लागताय? मग सुरुवात इथनं करा

स्टुडिओत काही वर्षं काढून गावाकडं परत आलेला माणूस, नाहीतर चित्रकलेची डिग्री घेतलेला आणि रात्री जागून ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकलेला माणूस, हे दोघंच साधारण आपल्याकडं अ‍ॅनिमेशन-व्हीएफएक्सच्या डिग्री कोर्सला शिकवायला येतात. पहिल्याला काम येतं पण शिकवायचं कसं हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि दुसऱ्याला वर्ग सांभाळता येतो पण शॉट प्लेटपासून, म्हणजे कॅमेऱ्यानं शूट केलेल्या मूळ फुटेजपासून, फायनलपर्यंत जाताना त्यानं जवळून बघितलेला नसतो. दोघांच्याही हातात वेळापत्रक पडतं, सोमवारपासून लेक्चर घ्या म्हणतात, आणि मग फोन सुरू होतात, सर काय शिकवू, कुठनं सुरू करू. मी कोल्हापुरात हेच शिकवतो त्यामुळं हे प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय, रुजू होण्यापासून सेमिस्टर संपेपर्यंत क्रमानं.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सॉफ्टवेअरचा मेनू डावीकडनं उजवीकडं शिकवत बसू नका, पोरांकडनं शॉट पुरा करून घ्या. पाच सेकंदाचा असूदे, साधा असूदे, पण विचार, शूट, काम, रेंडर (कॉम्प्युटरकडनं तयार फ्रेम काढून घेणं), दुरुस्ती असं सगळं होऊन "झाला" म्हणण्यापर्यंतचा पुरा शॉट. नाहीतर होतं काय, तिसऱ्या वर्षाला आलेल्या पोराला टूल्स सगळी माहीत असतात, फोल्डरमध्ये अर्धवट मॉडेल्स आणि अर्धवट वॉक सायकल (चालण्याची अॅनिमेशन) पडलेल्या असतात, आणि दाखव म्हटलं की दाखवायला काहीच नसतं. पोरगं हुशार असतं हो, पण पुरं करायची सवय त्याला कुणी लावलेलीच नसते.

रुजू व्हायच्या आधी

ऑफर आली की पगाराबरोबर अजून चार गोष्टी विचारून घ्या. सिलॅबसची छापील प्रत आणि त्यातलं प्रत्येक पेपरचं क्रेडिट. लॅबमधल्या मशीनची रॅम आणि ग्राफिक्स कार्ड. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचा पासवर्ड कुणाकडं असतो. आणि पोरांनी फाइल्स ठेवायच्या कुठं.

शेवटचे दोन प्रश्न किरकोळ वाटतात पण सगळ्यात जास्त वेळ तिथंच जातो. बऱ्याच कॉलेजच्या लॅबमध्ये असं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं की मशीन रिस्टार्ट झालं की ते मूळ स्थितीत जातं, डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं पुसलं जातं. पोरानं दुपारभर रोटो केलं, म्हणजे फ्रेमफ्रेमला माणसाची कड कापून काढली, लाईट गेली, आणि सकाळी फाइल नाही. त्यामुळं पहिल्याच दिवशी लॅबच्या शिपाईमामांना भेटा, नीट ओळख करून घ्या, कुठला ड्राइव्ह पुसला जात नाही ते विचारा आणि त्यावर प्रत्येकाचं फोल्डर करून घ्या. मामांशी जमलं की तुमचं निम्मं काम झालं, हे मी मनापासून सांगतोय, कारण सुट्टीच्या आदल्या दिवशी रेंडर लावून जायचं असेल तर मशीन चालू ठेवणारे तेच असतात.

सिलॅबसचे शॉट करा

आता क्रेडिटचा हिशोब. साधारण थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात. म्हणजे ४ क्रेडिटचं प्रॅक्टिकल असेल तर कागदावर १२० तास. पण त्यात गणपती येतात, युवा महोत्सव येतो, अंतर्गत परीक्षा, एनएसएसचा कॅम्प, पंचगंगेला पाणी वाढलं की शिरोळ-करवीरकडची पोरं चार-चार दिवस येऊ शकत नाहीत. तुम्ही ९० तास धरूनच प्लॅन करा, उरले तर दुरुस्तीला कामी येतात.

सिलॅबसमध्ये युनिट असे लिहिलेले असतात: इंटरफेसची ओळख, पॉलिगॉन मॉडेलिंग, यूव्ही (मॉडेलवर टेक्स्चर बसवायचा नकाशा), टेक्स्चर, लाइटिंग. याच क्रमानं शिकवत गेलं की लाइटिंग येईपर्यंत दिवाळी होते आणि तोवर पोरांनी एकदाही पुरी फ्रेम बघितलेली नसते. त्यापेक्षा सेमिस्टरमध्ये तीन शॉट ठरवा आणि युनिट त्यात वाटून टाका. पहिला शॉट अगदी छोटा, उदाहरणार्थ टेबलावर ठेवलेला तांब्या, एक लाईट, कॅमेरा हलत नाही. तेवढ्यात इंटरफेस, थोडं मॉडेलिंग, थोडं टेक्स्चर, थोडं रेंडर सगळं शिवून होतं. दुसऱ्या शॉटला तेच सगळे विषय पुन्हा येतात पण खोलात, तिसऱ्याला अजून खोलात. युनिट संपले की नाही हे तपासायला कुणी आलं तर कुठला युनिट कुठल्या शॉटमध्ये कव्हर झाला याचा एक तक्ता करून ठेवा, विभागप्रमुखांनाही तो दाखवा, म्हणजे कुणाची तक्रार राहत नाही.

लॅब आणि रेंडरचं गणित

हे गणित वर्गात फळ्यावर करून दाखवाच. १० सेकंदाचा शॉट, २४ फ्रेम्स पर सेकंद, म्हणजे २४० फ्रेम्स. एका फ्रेमला ५ मिनिटं लागली तर १२०० मिनिटं, म्हणजे एका मशीनवर २० तास. वर्गात ३० पोरं, प्रत्येकाचा एक शॉट, झाले ६०० तास. लॅबमध्ये १५ मशीन असतील तर सगळी मशीन न थांबता ४० तास चालली पाहिजेत, आणि तेही प्रत्येकाचं पहिल्या फटक्यात बरोबर आलं तर! हे आकडे बघितले की पोरं आपोआप गप्प होतात आणि शॉट ४ सेकंदाचा करू का म्हणून विचारतात. तेच पाहिजे असतं.

त्यातनं मग कामाच्या सवयी लागतात. आधी अर्ध्या साइझला चाचणी, दर दहाव्या फ्रेमचं रेंडर काढून बघणं, सॅम्पल्स (प्रत्येक पिक्सेलसाठीचे हिशोब) कमी ठेवून उरलेले ठिपके डीनॉइजनं घालवणं, जिथं चालेल तिथं ब्लेंडरचं ईव्ही हे झटपट रेंडर इंजिन वापरणं. आणि रेंडर कायम इमेज सिक्वेन्समध्येच, थेट व्हिडिओ फाइलमध्ये कधीच नाही, कारण १८० व्या फ्रेमला लाईट गेली तर सिक्वेन्स १८० पासून पुढं लावता येते, व्हिडिओ फाइल मात्र बहुतेक वेळा सगळीच जाते.

सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात आणि त्याला मी सगळ्यात कमी वेळ देतो. ब्लेंडर फुकट आहे, कृता फुकट आहे, डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत फ्यूजन येतं त्यात कंपोझिटिंग (वेगवेगळे तुकडे एका फ्रेममध्ये जुळवणं) नीट शिकवता येतं. मायाचं शैक्षणिक लायसन मिळतं, हुडिनीची अप्रेंटिस आणि न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती शिकण्यापुरती फुकट आहे. एवढं सगळं असताना क्रॅक सॉफ्टवेअर लॅबमध्ये येऊ देऊ नका, पेन ड्राइव्हमधनं व्हायरस येतो हे एक, आणि उद्या ज्यांच्या कामाचे पैसे मिळावेत असं आपल्याला वाटतं ती पोरं पहिल्याच वर्षी दुसऱ्याचं काम फुकटात घ्यायला शिकतात हे दुसरं.

फाइलचं नाव: शॉटचं नाव, पोराचं नाव, व्हर्जन नंबर, सगळं रोमन अक्षरात आणि मधे स्पेस नाही. "फायनल", "फायनल२", "खरंच फायनल" दिसलं की फाइल परत पाठवायची. सुरुवातीला कुरकुर करतात, नंतर अंगवळणी पडतं.

पहिले पंधरा दिवस कॉम्प्युटर बंद

पहिल्या वर्षाच्या पोरांना लॅबमध्ये न्यायची घाई करू नका. कागद, पेन्सिल आणि मोबाईल एवढ्यावर पंधरा दिवस आरामात जातात. काच, खाली एक एलईडी ट्यूब, झालं लाइट टेबल. चेंडूची उसळी कागदावर काढायला लावा, आधी १२ चित्रांत, मग त्याच अंतरात ६ चित्रांत, मग चेंडूच्या जागी भिजलेला फडका पडतो असं समजून. वजन चित्रांच्या मधल्या अंतरात असतं, हे त्यांना तिथं हातानं कळतं आणि मग आयुष्यभर ग्राफ एडिटर (सॉफ्टवेअरमधला हालचालीचा आलेख) बघताना आठवतं.

मोबाईलवर स्टॉप मोशन करायला लावा, काड्यापेटीतल्या काड्या घेऊन. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास काड्या हलवूनच अ‍ॅनिमेशन करून बघितलं होतं हे सांगितलं की पोरांना गंमत वाटते, आणि आपल्याकडं हे काही काल-परवा आलेलं नाही हेही कळतं.

आणि मग बाहेर काढा. कोल्हापूरसारखं रेफरन्स (बघून काढायचा खरा नमुना) कुठं मिळणार नाही. गंगावेशीत संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हैस उभी असते तिथं अर्धा तास बसवा आणि फक्त शेपटी आणि कान काढायला सांगा. शेपटीचं मूळ आधी फिरतं, गोंडा मागनं येतो, आणि मूळ परत फिरलं तरी गोंडा अजून पहिल्याच दिशेला जात असतो. ओव्हरलॅपिंग अ‍ॅक्शन म्हणून पुस्तकात जे असतं ते हेच. रंकाळ्याच्या वाऱ्यात ओढणी, फुटबॉलच्या मॅचला गोलकीपरनं उडी मारायच्या आधी घेतलेला दम, सगळं बघायला, काढायला लावा.

शड्डूचा शॉट

हा माझा आवडता असाइनमेंट आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो, तुम्ही तसाच उचलला तरी चालेल.

एखाद्या तालमीत जा. आधी वस्तादांना भेटायचं, पोरं कशाला आली आहेत ते सांगायचं, परवानगी घ्यायची, चपला बाहेर काढायच्या, हौद्यात (कुस्तीच्या लाल मातीत) पाय ठेवायचा नाही. वस्ताद एकदा हो म्हणाले की मग खूप मदत करतात, पैलवानाला चार वेळा शड्डू ठोकायला स्वतःच सांगतात. एका मोबाईलवर साध्या स्पीडला शूट करा, दुसऱ्यावर २४० फ्रेम्सच्या स्लो मोशनला. २४० चं फुटेज २४ च्या हिशोबानं बघायचं असेल तर दर दहावी फ्रेम घ्यायची, इतकं सोपं आहे.

आता वर्गात आल्यावर पहिल्यांदा फुटेज न दाखवता शड्डू आठवून काढायला सांगा. जवळजवळ सगळी पोरं हात वर न्यायला आठ फ्रेम्स देतात आणि खाली यायला पण आठच देतात, आणि प्ले केलं की पैलवान पाण्याखाली मांडी थोपटतोय असं दिसतं. मग फुटेज लावा, फ्रेम मोजायला लावा. हात मागं जायला वेळ घेतो, वर गेल्यावर क्षणभर थांबतो, आणि खाली यायला फक्त दोन-तीन फ्रेम्स घेतो, त्यातली एक तर नुसती पुसट रेघ असते. मांडीला तळवा लागल्यावर कातडी आणि स्नायू थरथरतात, ती लाट गुडघ्याकडं जाते, आणि हात उचलला गेला तरी थरथर अजून चालू असते. अंगावरची लाल माती उडते आणि ती हाताच्या कितीतरी नंतर खाली येते. खांदा बघा म्हणावं, हात खाली यायच्या आधीच खांदा खाली यायला लागलेला असतो, ताकद तिथनं आलेली असते.

या एका सेकंदाच्या आसपासच्या शॉटमध्ये अँटिसिपेशन (हालचालीआधीची तयारी) आहे, टायमिंग आहे, फॉलो थ्रू (नंतर चालू राहणारी हालचाल) आहे, आणि ती उडणारी माती पुढच्या वर्षी पार्टिकल्स शिकवताना परत वापरता येते. दुसऱ्या वर्षाला रिगवर (आत हाडं-सांधे बसवलेल्या थ्रीडी पात्रावर), तिसऱ्या वर्षाला खऱ्या प्लेटवर मातीचा इफेक्ट चढवून, असं एकच निरीक्षण तीन वर्षं पोसतं. तालमीत जाऊन शूट केलेला शॉट परत वस्तादांना नेऊन दाखवायला विसरू नका, आणि खरं सांगतो, त्यांच्याइतकी अचूक नोट कुणी देत नाही. "ह्याचा पाय हलका पडलाय" म्हणतात आणि तो हलकाच असतो.

प्लेट शूट करायला शिकवा

व्हीएफएक्स शिकवणारे बरेचजण नेटवरनं तयार प्लेट देतात. पहिल्या आठवड्यापुरतं ठीक आहे, पण पोरांना स्वतःची प्लेट शूट करू द्या, कारण शूटवेळच्या चुका कॉम्प्युटरवर किती महाग पडतात हे त्याशिवाय समजत नाही.

मोबाईलवर शूट करताना एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करायचा. स्टॅबिलायझेशन बंद, कारण ते फ्रेम आतनं ताणतं आणि मग कॅमेरा ट्रॅक (कॅमेरा कसा हलला याचा हिशोब) जुळत नाही, पोरगं दोन दिवस सॉफ्टवेअरला दोष देत बसतं. अजून एक त्रास म्हणजे बरेच मोबाईल फ्रेम रेट सारखा ठेवत नाहीत, कमी-जास्त करतात, त्यामुळं फुटेज आणल्याबरोबर हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधनं कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्यायचं आणि मग इमेज सिक्वेन्स काढायची. जमलं तर मॅन्युअल सेटिंग देणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा.

शूटच्या वेळी एका पोराच्या हातात फक्त वही. लेन्स कुठली, कॅमेरा जमिनीपासून किती उंच, विषय किती लांब, किती वाजले, सूर्य कुठल्या बाजूला. टेप लावून मोजायचं, अंदाजे नाही. प्रत्येक सेटअपनंतर करड्या रंगाचा एक चेंडू आणि एक चकचकीत स्टीलचा गोळा फ्रेममध्ये धरून काही सेकंद शूट करायचं. करडा चेंडू म्हणजे साधा रबरी बॉल, मॅट करडा रंग मारलेला. स्टीलचा गोळा उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपला विचारलं तर मिळून जातो. एकावर सावली आणि उजेडाचा रंग कळतो, दुसऱ्यात आजूबाजूचं सगळं दिसतं, पुढं लाइटिंग करताना हेच दोन गोळे शेजारी ठेवून जुळवायचे.

ग्रीन स्क्रीनला महागडा स्टुडिओ लागत नाही. महाद्वार रोडवर हिरवं कापड घ्या, चमक नसलेलं, इस्त्री करून ताणून बांधा. माणूस कापडापासून सहा-आठ फूट तरी पुढं उभा करा म्हणजे हिरवा उजेड त्याच्या कानावर-मानेवर येत नाही. कापडाला वेगळा सारखा उजेड, माणसाला वेगळा.

इथंच एक लेक्चर आपल्या गावाच्या इतिहासाचं घ्या, सक्तीनं घ्या म्हणतो मी. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवणारे कलावंत, चुलतभाऊ आनंदरावांबरोबर कॅमेरा तयार करायला बसले, आनंदराव १९१६ ला गेले, तरी बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीतनं चित्रपट काढले. त्याच कंपनीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ ला इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली, ती पुढं १९३३ ला पुण्याला गेली. पोरांना वाटत असतं हे सगळं हॉलिवूडकडनं शिकायचं, आणि इथं शंभर वर्षांपूर्वी माणसं स्वतः कॅमेरा बनवत होती. हे ऐकल्यावर "आपल्याकडं इक्विपमेंट नाही सर" हे वाक्य जरा कमी ऐकू येतं. लेक्चरनंतर लगेच काम द्या: पन्हाळ्यावरनं किंवा कॉलेजच्या गच्चीवरनं एक फोटो काढायचा, त्यात नसलेला एक वाडा रंगवून बसवायचा, क्षितिजाची रेघ आणि उजेडाची दिशा जुळली पाहिजे. नाटकाच्या पडद्यावर दूरचा महाल रंगवणाऱ्याला हीच काळजी घ्यावी लागायची.

कंपोझिटिंगचा क्रम

सुरुवात पुसण्यापासून करा. पेठेतल्या कुठल्याही गल्लीचा फोटो घ्या, वर वायरींचं जाळं असतंच, ते पुसायला लावा. आधी स्थिर कॅमेरा, मग हलता. मग रोटो, आणि रोटो करताना माणसाचा एकच आकार काढू द्यायचा नाही, डोकं, धड, दंड, हात असे वेगवेगळे आकार. मग एखादी सीजी, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली, वस्तू प्लेटमध्ये ठेवायची.

वस्तू ठेवली की तीन तपासण्या मी पोरांकडनं पाठ करून घेतो. पहिली, वस्तू जमिनीला जिथं टेकते तिथली बारीक गडद सावली आहे का, ती नसली की वस्तू तरंगते. दुसरी, व्ह्यूअरचा गामा खूप वर नेऊन, म्हणजे चित्र उजळवून, बघायचं, प्लेटमधलं सगळ्यात काळं आणि तुमच्या वस्तूतलं सगळ्यात काळं सारखं आहे का. मोबाईलच्या फुटेजमध्ये काळं कधीच शंभर टक्के काळं नसतं आणि सीजीतलं असतं, तिथंच चोरी पकडली जाते. तिसरी, ग्रेन म्हणजे फुटेजमधले बारीक दाणे, प्लेट दाणेदार आणि वस्तू एकदम गुळगुळीत असली की डोळ्याला खटकतं. कडेला काळी रेघ येत असेल तर प्रीमल्टिप्लायचा (रंगाला पारदर्शकतेनं आधीच गुणण्याचा) गोंधळ आहे, हा विषय एकदा कागदावर आकडे मांडून शिकवा, नुसतं "हे बटण दाबा" म्हटलं तर पुढच्या शॉटला परत तेच होतं.

डेलीज

डेलीज म्हणजे चालू काम सगळ्यांसमोर लावून बघणं. त्याला आठवड्यातला एक तास ठरवून टाका, तो कधीच रद्द करायचा नाही. प्रत्येकाचं काम, जिथं असेल तिथं, प्रोजेक्टरवर लागणार. अर्धवट चालेल, काहीच नाही हे चालणार नाही.

बोलायची पद्धत अशी ठेवा: पहिल्यांदा वर्गातल्या कुणीतरी काय दिसलं तेवढंच सांगायचं, आवडलं की नाही ते नको. "बॉल डावीकडनं आला, भिंतीला लागला, पण लागल्यावर हळू झाला नाही." मग तुम्ही जास्तीत जास्त दोन नोट्स द्यायच्या. दहा नोट्स दिल्या की पोरगं एकही करत नाही. नोट लिहून द्या, फ्रेम नंबरसकट, आणि पुढच्या आठवड्यात आधी ती झाली का बघा.

राधानगरी, गडहिंग्लज, कागलकडनं येणारी कितीतरी पोरं पहिल्या सेमिस्टरला तोंडच उघडत नाहीत. त्यांना वाटतं इंग्रजीत बोलावं लागेल. तुम्ही मराठीत शिकवा, टूल्सची नावं इंग्रजीच राहूदेत, आणि प्रत्येकाला एक वही करायला सांगा ज्यात प्रत्येक टर्मपुढं स्वतःच्या शब्दात अर्थ लिहायचा. दुसऱ्या वर्षापासून हळूहळू मॅन्युअलचं एक-एक पान वर्गात मोठ्यानं वाचून घ्या, कारण पुढं नोकरीत ब्रीफ इंग्रजीतच येतो, ते टाळून चालत नाही. पण चित्रावरनं, भाषेवरनं सगळ्यांसमोर कुणाची चेष्टा करायची नाही, एकदा केली की ते पोरगं वर्षभर मागच्या बाकावर जातं.

शेवटची एसटी हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे. लॅब संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवली म्हणून खूश होऊ नका, गावाकडच्या पोरींना साडेपाचला स्टँडवर असावं लागतं. मग चांगली मशीन उशिरा थांबणाऱ्यांनाच मिळतात. त्यामुळं मशीनचं वेळापत्रक लावा आणि लांबनं येणाऱ्यांना सकाळचे स्लॉट द्या.

मार्क कसे द्यायचे

नुसत्या फायनल शॉटला मार्क दिले तर ज्याच्या घरी भारी मशीन आहे तोच जिंकतो. माझी विभागणी सांगतो, ५० पैकी: रेफरन्स आणि प्लॅनिंगला १०, दर आठवड्याच्या प्रगतीला १५, फायनल शॉटला १५, आणि ब्रेकडाऊन करून (शॉट थरथर उलगडून) समजावून सांगण्याला १०. हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या, सेमिस्टरच्या मधे बदलू नका.

तोंडी परीक्षेला पोराला त्याची फाइल उघडायला सांगा आणि एक छोटा बदल करून मागा. "हा लाईट उजवीकडे ने", "चौथी उसळी कमी कर". स्वतः केलेलं असेल तर अर्ध्या मिनिटात करतो. डाऊनलोड केलेलं असेल तर लगेच कळतं, आणि मग ओरडण्यापेक्षा तोच शॉट परत करायला वेळ द्या.

एआयबद्दल नियम साधा ठेवा. कल्पनेसाठी, मूडबोर्डसाठी वापरलं तर चालेल पण लिहून द्यायचं कुठं वापरलं. ज्या कौशल्याला मार्क आहेत ते स्वतःच्या हातानं झालं पाहिजे. रोटोच्या पेपरला ऑटोमॅटिक मास्क लावून दिला तर त्याला रोटो आलं का हे आपल्याला कळणार नाही. वरच्या वर्षाला मात्र ही टूल्स उघडपणे शिकवा, त्यातल्या चुका कशा दुरुस्त करायच्या ते शिकवा, कारण स्टुडिओत ती येणारच आहेत.

नोकरीबद्दल खरं बोला

पालक भेटायला येतात, बऱ्याचदा शेतीवर कर्ज काढून फी भरलेली असते. त्यांना गुलाबी चित्र दाखवू नका. सुरुवातीचं काम बहुतेक रोटो, पेंट, प्रेपचं (नको ते पुसून प्लेट तयार करून द्यायचं) असतं, मुंबई-पुण्याला किंवा हैदराबादला जावं लागतं, आणि हा धंदा वर-खाली होतो. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही मोठी व्हीएफएक्स कंपनी कोसळली तेव्हा भारतातल्या कलाकारांच्याही नोकऱ्या गेल्या, एवढी मोठी नावं पडू शकतात हे पोरांना माहीत असू द्या.

पण इथं जवळ काम नाही असंही नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्री आहेत, मशीन शॉप आहेत, त्यांना आपलं मशीन कसं चालतं हे गिऱ्हाईकाला दाखवायचं असतं. ओतकामाची प्रक्रिया, मोल्डमध्ये धातू कसा भरतो, हे थ्रीडीत नीट दाखवणारं पोरगं इथं बसून काम मिळवू शकतं. तिसऱ्या वर्षाचा एक प्रोजेक्ट अशा कारखान्याबरोबरच ठेवा, आणि काम प्रत्यक्ष वापरणार असतील तर पोरांना मोबदला मिळाला पाहिजे हे आधीच बोलून घ्या.

शोरील, म्हणजे नोकरीसाठी दाखवायचा स्वतःच्या कामाचा व्हिडिओ, एक मिनिटाच्या आसपास. सगळ्यात चांगला शॉट पहिला. ग्रुपमध्ये केलेलं असेल तर मी काय केलं हे पट्टीवर लिहिलेलं पाहिजे. मोठं गाणं आणि फिरणारा लोगो काढून टाका.

तुमची स्वतःची बाजू

बहुतेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर होते, सीएचबी म्हणतात ते. नेमणुकीचं पत्र घ्या, घेतलेल्या तासांची नोंद स्वतःकडं ठेवा, सही घेत जा. कायम व्हायचं असेल तर मास्टर्स आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, कलेची पार्श्वभूमी असणारे बरेचजण व्हिज्युअल आर्टमधनं देतात. इंडस्ट्रीत १५ वर्षं किंवा जास्त काढलेल्यांना यूजीसीनं २०२२ ला प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसचा मार्ग काढलाय, त्याला ठरावीक डिग्रीची अट नाही, पण ते पद कायमचं नसतं, जास्तीत जास्त चार वर्षांचं असतं. आणि शिकवताना स्वतःचं काम बंद करू नका, वर्षातनं एक शॉट तरी स्वतः पुरा करा आणि तोही डेलीजला लावा, पोरांना तुमच्यावर नोट्स काढायला फार आवडतं.

सेमिस्टर संपताना

शेवटचा आठवडा नवीन काही शिकवू नका, फक्त बांधाबांध. प्रत्येक शॉटचं फोल्डर: मूळ प्लेट, वहीतल्या मोजमापांचा फोटो, प्रोजेक्ट फाइल, टेक्स्चर, फायनल सिक्वेन्स, आणि कुठल्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्तीत केलंय त्याची एक टेक्स्ट फाइल. दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचं, टेक्स्चर गुलाबी दिसली तर पाथ तुटलाय, तिथल्या तिथं दुरुस्त करायचं. कॉलेज अ‍ॅडमिशनच्या जाहिरातीत पोरांचं काम वापरणार असेल तर त्यांची लेखी परवानगी आणि शॉटखाली नाव, याबाबतीत तुम्ही अडून बसा. सगळं दोन हार्ड डिस्कवर, एक विभागप्रमुखांकडं, एक लॅबमध्ये मामांच्या कपाटात, वर वर्ष आणि सेमिस्टरची चिठ्ठी चिकटवून. तालमीचं फुटेज त्यात वेगळं ठेवा, पुढच्या वर्षीच्या पोरांना लागतं.